मानेवरची चुगली

तालीम विकली गेली तेव्हा पेठेतल्या एकाही माणसाला ती विकली गेली असं वाटलं नाही. उलट आपणच एक अख्खा देश पेठेत आणला, अशा थाटात लोक फिरत होते. देश तसा नकाशावर तीळ पडावा एवढाच. हिंदी महासागरातली मूठभर बेटं, नाव सेलोरा. पण तिथे समुद्राच्या तळाशी बॅटऱ्यांना लागणारे धातू सापडले आणि त्या तिळाकडे सगळं जग हात जोडून उभं राहिलं. पैसा आला की माणसाला मान हवा असतो, तसा तो देशालाही हवा असतो. तोफा डागून मान मिळवायचे दिवस सरले होते, म्हणून सेलोराने फुटबॉलचे क्लब विकत घ्यायला सुरुवात केली. दोन युरोपात घेतले, एक ब्राझीलमध्ये घेतला, आणि फुटबॉलवेडं गाव हुडकत त्यांची माणसं कोल्हापुरात वाघजाई पेठेत येऊन थडकली.

आता कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे तालीम. जिथे कुस्ती घुमायची तिथेच आजोबा-पणजोबांनी चेंडू आणला, त्यामुळे प्रशिक्षकाला कोच न म्हणता वस्तादच म्हणतात. वाघजाई तालमीच्या सभेत सगळ्यांनी हात वर केले. एकटे इंगवले वस्ताद हात मांडीखाली घालून बसले होते. "शेठ मालक असला तर पगार कापतोय," ते एवढंच म्हणाले, "देश मालक झाला तर काय कापंल, ते ठरवून हात वर करा."

कोणी ऐकलं नाही. तालमीचं नाव 'सेलोरा कोल्हापूर' झालं, भगव्या-काळ्या जर्सीचा रंग समुद्रासारखा निळा झाला. जुन्या मैदानाच्या जागी काचेचं छत असलेलं स्टेडियम उभं राहिलं. पेठेतली तीस-चाळीस पोरं सेलोराच्या बंदरावर कामाला गेली आणि त्यांच्या घरांवर दुसरे मजले चढले. वस्तादांना मालकांनी 'वारसा सल्लागार' असं पद दिलं, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि गोलच्या मागे एक खुर्ची दिली. पाहुणे आले की त्यांच्या पांढऱ्या मिशांसोबत फोटो काढत. वस्ताद फोटोत कधी हसले नाहीत, पण खुर्ची सोडून गेलेही नाहीत, कारण त्या खुर्चीपुढच्या गोलमध्ये धैर्या उभा असायचा.

धैर्यशील सरनाईक, म्हणजे धैर्या, आठ वर्षांचा असल्यापासून वस्तादांच्या हाताखाली होता. बाप गेलेला, आई शाळेत शिपाई, पाठीवर धाकटा भाऊ सुजय. वस्तादांनी त्याला गोलकीपर केलं तेही आपल्या पद्धतीने. डावा-उजवा हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. "अर्धा खेळ झाला की बाजू बदलती, मग तुझा डावा उजवा हुतोय. पंचगंगा काय बाजू बदलत न्हाई," असं ते म्हणत. नदीकडचा खांब ती नदी, गावाच्या वेशीकडचा खांब ती वेस. गोलमागे उभं राहून ते "नदी!" म्हणून ओरडले की धैर्या नदीकडे झेपावायचा, "वेस!" म्हटलं की वेशीकडे. विचार नंतर, उडी आधी. बाहेरगावच्या खेळाडूंना हा म्हातारा देवाचं नाव घेतोय की शिव्या देतोय तेच कळायचं नाही.

*

हिंदी महासागर चषकाच्या अंतिम सामन्यात कोल्हापूरसमोर आला तो सेलोराचा राजेशाही संघ, सेलोरा रॉयल. दोन्ही संघांचा मालक एकच देश असताना असा सामना नियमात कसा बसतो, असं पेठेत कुणीतरी विचारलं. नियमात बसवलेला होता. कोल्हापूरचा संघ सेलोराच्या पाणी खात्याच्या मालकीचा आणि रॉयल संघ बंदर खात्याच्या. दोन खाती म्हणजे दोन मालक. महासंघाने ते मान्य करून टाकलं.

सामना कोल्हापुरातच होता आणि त्याच दिवशी सेलोराचा राष्ट्रदिन होता. खुद्द तिथले महाराज काचेच्या कक्षात येऊन बसणार होते. त्याच दिवशी पेठेतली पोरंही करार संपवून परत यायची होती. सुजय त्यांच्यातच होता. सकाळी त्याचा फोन आला, "दादा, मॅच संपायच्या येळंला आम्ही विमानात असणार बघ. कप ठेव आमच्यासाठी. नाद करायचा न्हाई कोल्हापूरचा!"

"तू ये तर आधी," धैर्या म्हणाला. "आईनं सकाळपास्नं रस्सा ठेवलाय चुलीवर."

कपडे बदलायच्या खोलीत मुग्धा डॉक्टरांनी त्याच्या मानेवर पट्टी लावली. मुग्धा डॉक्टर निपाणीच्या, संघाच्या वैद्यक. नखाएवढी, कातडीच्या रंगाची ती पट्टी आता प्रत्येक खेळाडूच्या मानेवर असे. तिचं सरकारी नाव 'निष्ठामापक' होतं. पेठेने तिला 'चुगली' हे नाव ठेवलं होतं आणि तेच जास्त खरं होतं.

पट्टीमागचं विज्ञान डॉक्टरांनी पोरांना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. हात-पाय हलायच्या आधी मेंदू ठरवतो, आणि ठरवलेला निरोप मानेतून खाली जातो. गंमत अशी की तो निरोप माणसाला स्वतःला 'मी ठरवलं' असं वाटण्याच्याही आधी निघालेला असतो. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढीच ही आघाडी, पण पट्टीला ती पुरते. आणि कुणी मुद्दाम चुकायचं ठरवलं, तर मानेतून एकाऐवजी दोन निरोप निघतात. आधी खरा निघतो आणि त्याच्या मागून त्याला दाबणारा. सट्टेबाजांनी खेळाडू विकत घेऊन सामने सोडायला लावण्याचा धंदा मांडला होता. या दुसऱ्या निरोपाने तो बंद पाडला. सामना संपला की फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे शेरा यायचा. दोन निरोप सापडले तर 'डागी', नाहीतर 'निर्मळ'. धैर्याला या पट्टीचं कौतुक होतं. खेळात खोटेपणा उरला नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा.

*

सामना शून्य-शून्य सुटला आणि पेनल्टी सुरू झाल्या. प्रत्येकाला पाच किक. पहिली किक कोल्हापूरने घ्यायची होती.

पेनल्टीत गोलकीपर बहुतेकदा अंदाजानेच उडी मारतो, त्यामुळे तो चुकणं यात नवल नाही. रॉयलची पहिली किक आली, धैर्या वेशीकडे गेला, चेंडू नदीकडे. दुसरीला तो नदीकडे गेला, चेंडू वेशीकडे. तिसऱ्या वेळी त्याने जागेवरच थांबायचं ठरवलं आणि शेवटच्या क्षणी वेशीकडे झेपावला, तरी चेंडू नदीकडच्या कोपऱ्यात. पण या वेळी त्याने किक मारणाऱ्याचं तोंड पाहिलं होतं. त्याचे डोळे चेंडूवर नव्हते, गोलवरही नव्हते. मानेला कुणी गुदगुली करावी तशी त्याने मान किंचित आखडली आणि मग पाय वळवला.

पडताना मनगट दुखावल्याचं निमित्त करून धैर्याने हात वर केला. मुग्धा डॉक्टर फवारा घेऊन धावत आल्या.

"मनगट बरं आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "डॉक्टर, ही चुगली कुणाकुणाला ऐकू जाते?"

"महासंघाला."

"आणि?"

त्या फवारा मारत राहिल्या. "संघाच्या मालकाला. करारातच आहे ते, धैर्यशील. सरावासाठी म्हणून."

"आपला मालक कोण?"

"पाणी खातं."

"आणि त्यांचा?"

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांचा चेहरा उतरला. त्या लबाड नव्हत्या, फक्त हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. "तुझी पट्टी निरोप पाठवते," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि त्याची पट्टी घेते. तू कुठे जाणार, हे त्याला तुझ्याही आधी कळतंय."

धैर्याच्या पायाखालची जमीन सरकली. गेली चार वर्षं सेलोराची ही माणसं त्याच्या खांद्यावर हात टाकत होती, त्याला 'आमचा कोल्हापूरचा वाघ' म्हणत होती. आणि तो स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या माणसांसमोर, स्वतःच्याच मानेकडून हरत होता. आपला शब्द कुणी मोडला तर माणूस भांडू शकतो. इथे शब्द उमटायच्या आधीच विकला गेला होता. त्याने पट्टीला नख लावलं.

"काढू नकोस, बाद होशील," डॉक्टरांनी त्याचा हात धरला. मग फवाऱ्याचं झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, "तू ठरवलंस की ती सांगणार. ठरवूच नकोस. तुझ्या डोक्यात काही नसेल तर ती बिचारी काय सांगेल?"

ठरवायचं नाही म्हणजे काय करायचं? समोर किक मारणारा दिसत असताना मन गप्प बसत नाही, ते तर्क करतंच. धैर्याने मागे वळून पाहिलं. खुर्ची सोडून वस्ताद जाळीला नाक लावून उभे होते.

"वस्ताद," तो म्हणाला, "मी बघत न्हाई आता. डोळे मिटतो. तुम्ही सांगा. पण त्याचा पाय चेंडूला लागायच्या बेताला सांगा, आधी न्हाई."

वस्तादांनी काही विचारलं नाही. "हं," एवढंच म्हणाले.

कोल्हापूरची तिसरी किक बाहेर गेली होती, चौथी जाळ्यात गेली. रॉयलचा चौथा खेळाडू पुढे आला. धैर्याने डोळे मिटले. स्टेडियमभरचा गलका त्याला ऐकू येत होता, पण तो त्यातल्या एकाच आवाजाची वाट पाहत होता. आई हाक मारेल म्हणून पोर झोपेतही कान देऊन असतं, तसा तो उभा होता. मानेतून कुठलाच निरोप निघाला नाही. किक मारणारा धावत आला, त्याला गुदगुली झाली नाही, त्याचं पाऊल अडखळलं.

"वेस!"

धैर्याने अंग झोकून दिलं. चेंडू त्याच्या दोन्ही तळव्यांवर आपटून बाहेर गेला. पेठेच्या बाजूचा सगळा जमाव उठून उभा राहिला आणि निळ्या जर्सीच्या खाली घातलेले जुने भगवे-काळे गंजीफ्रॉक लोकांनी वर काढून दाखवले. तीन-तीन. काचेच्या कक्षात महाराजांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. तो माणूस उठून बाहेर गेला.

*

तो माणूस म्हणजे ऑरेनसाहेब, पाणी खात्याचे उपसचिव आणि कोल्हापूर संघाचे मुखत्यार. त्यांच्या कॉलरमध्ये दुभाषा यंत्र होतं. ते बोलायचे आपल्या भाषेत, आणि कॉलर बोलायची शुद्ध पुणेरी मराठीत, त्यामुळे पेठेत त्यांना 'सदाशिव' म्हणत.

कोल्हापूरचा पाचवा खेळाडू चेंडू ठेवत होता तेव्हा धैर्या बाजूला उभा होता. ऑरेनसाहेब जाळीमागे वस्तादांशी बोलताना त्याला दिसले. त्यांनी हातातला फोन वस्तादांसमोर धरला होता. खुर्चीवर बसा म्हणून सांगत असतील, असं धैर्याला वाटलं आणि हसूही आलं. वस्ताद आणि बसणार!

कोल्हापूरची पाचवी किक रॉयलच्या गोलकीपरने अडवली. आता रॉयलची शेवटची किक. ही अडवली तर सामना पुढे चालणार, आणि गेली तर सगळं संपणार. धैर्या गोलमध्ये आला. वस्ताद जाळीपाशीच होते. ऑरेनसाहेब निघून गेले होते.

"वस्ताद, हाय न्हवं?"

"हाय," वस्ताद म्हणाले.

धैर्याने डोळे मिटले. त्याला अजिबात भीती वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोक्यात खरोखर काही नव्हतं.

"नदी!"

तो नदीकडे झेपावला. इतकी सुंदर उडी त्याने आजवर मारली नव्हती. हवेत असतानाच त्याला मागे, वेशीच्या बाजूला, चेंडू जाळीवर आपटल्याचा आवाज आला.

तो गवतात तोंड खुपसून पडून राहिला. काही वेळाने फलकावर शेरे झळकू लागले. 'धैर्यशील सरनाईक, गोलरक्षक : निर्मळ.' आणि त्याचा पहिला विचार काय होता? म्हातारा चुकला. वय झालं, नजर गेली. आता पेठेतले लोक त्यांना फाडून खातील, आपण सांगायचं की मलाच नीट ऐकू आलं नाही. अशी खोटी साक्ष द्यायची तयारी करत तो उठला.

*

वस्ताद त्याला जुन्या सामानाच्या खोलीत सापडले. नव्या मालकांनी भगव्या-काळ्या जर्सी, फाटके चेंडू आणि तालमीत फिरवायच्या लाकडी जोड्या तिथे टाकून दिल्या होत्या. वस्ताद एका पेटीवर बसले होते. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून शेजारी ठेवलं होतं.

"हुतंय वस्ताद," धैर्या त्यांच्या पायाशी बसला. "एवढ्या गलक्यात कुणाचं बी चुकंल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"चुकलं न्हाई."

धैर्याला कळलं नाही.

"किक मारणाऱ्या पोराचं पाऊल वेशीकडं वळलं हुतं. मी बघितलं. बघून नदी म्हटलं."

बाहेर सेलोराचं राष्ट्रगीत वाजत होतं.

"सदाशिवानं फोन दावला," वस्ताद पुढे म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "आपली पोरं विमानतळावर भिंतीला लावून बसवली हुती. तुझा सुज्या पहिलाच. डोळ्यांत पाणी. कॉलर काय म्हणती, तर 'यांच्या कागदपत्रांत थोडी गफलत आढळली आहे, ती सुटावी अशी आमचीही मनापासून इच्छा आहे.' मी इचारलं, सुटणार कवा? तर म्हणती, 'ते पुढच्या चेंडूवर अवलंबून आहे.' धैर्या, मी सभेत बोललो हुतो, देश काय कापंल म्हणून. विमानतळ त्यांच्या हातात हाय रं. तुरुंग बी."

"मग मला सांगायचं."

"कधी सांगू?"

"तिथंच! जाळीतनं एक शब्द टाकायचा. सुज्या अडकलाय म्हणायचं." धैर्याचा आवाज चिरकला. "मी सोडला असता चेंडू. माझा भाऊ हाय तो, वस्ताद! जागेवर उभा राहिलो असतो, हात बी उचलला नसता. तुम्हाला काय वाटलं, मी कपासाठी भावाला सोडीन?"

"तू सोडला असतास, हे मला ठाव हाय."

"मग?"

"सोडायचं ठरवून सोडला असतास तर चुगलीनं सांगितलं असतं. डागी लागला असतास. सामना बाद, तू आयुष्यभर बाद, आणि पोरं तिथंच. त्यांना राजाच्या दिवशी डाग नको हुता. त्यांना खरा खेळ पायजे हुता, खरा." वस्तादांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "खरं हरायला खरा माणूस लागतोय. तुला फसवल्याबिगर ते जमणार न्हवतं. आणि तुला फसवू शकंल असा माणूस गावात एकच."

यात खोट काढायला जागा नव्हती. हिशेब चोख होता, आणि म्हणूनच धैर्याला तो सहन झाला नाही. सेलोराने फसवलं याचा राग होता, पण तो राग परक्यावरचा होता, तो कधीतरी निवेल. वस्तादांनी जगातली सगळी माणसं सोडून नेमका त्याचा विश्वास उचलला आणि कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा वापरला. त्याने डोळे मिटले होते ते फक्त त्यांच्या भरवशावर. ज्या आवाजावर तो विचार न करता उडी मारत आला, तो आवाज आता आयुष्यात कधीच विचार न करता ऐकता येणार नव्हता. आणि भावासाठी काही करायची वेळ आली तेव्हा ते करणाराही तो राहिला नव्हता. त्याच्या हातून त्याचा त्यागसुद्धा काढून घेतला गेला होता.

"माझं वाईट झालं तर चालंल, पण तुमच्या तोंडनं खोटं..." तो रडत होता आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

"मार मला," वस्ताद म्हणाले. "शिव्या घाल. पण पोरं सुटली का, तेवढं इचार कुणालातरी."

विचारावं लागलं नाही. फोन वाजला. पडद्यावर सुजयचं नाव होतं. धैर्याने आधी मानेवरची पट्टी उपटली, पेटीवर ठेवली आणि मग फोन उचलला.

"दादा! सुटलो रं! आत्ता शिक्का मारला, विमानात चढतोय. समदी हाईत, एकसुद्धा मागं न्हाई." सुजय हसत होता आणि हुंदके देत होता. मागे पोरांचा गोंगाट होता. "त्यांनी आम्हाला भिंतीवर मॅच दावली. शेवटची किक दावली. तू उलटीकडं उडी मारलीस आणि लगेच आम्हाला उठा म्हणाले. दादा, आम्हाला कळलं. समद्या पोरांना कळलं. तू आमच्यासाठी मुद्दाम सोडलास न्हवं?"

धैर्याने वस्तादांकडे पाहिलं. फोनचा आवाज त्या लहान खोलीत स्वच्छ ऐकू येत होता. वस्तादांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते.

"बोल की दादा. मुद्दाम सोडलास न्हवं?"

"व्हय," धैर्या म्हणाला. "मुद्दाम सोडला. ये लवकर, रस्सा गार हुतोय."